बोटीवरच्या काकांचं भिंग

मी एक भिंग बोलतोय. तळहाताएवढी काच, भोवती पितळेची कडी आणि काळ्या लाकडाची मूठ, एवढाच माझा संसार. सध्या मी एका टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असतो. भिंगाला वजन म्हणून वापरणं म्हणजे गवयाला दारावर राखणीला बसवणं आहे, पण माझी तक्रार नाही. ज्या बाईचं हे टेबल आहे, तिच्यावर माझा जीव जडलाय.

लोक म्हणतात, भिंग सगळं वाढवून सांगतं. खरंय, तो माझा धंदाच आहे. पण मी असलेलंच मोठं करतो, नसलेलं दाखवत नाही. ती सवय माझ्या मालकांना होती, आणि तीही उतारवयात लागली. त्यांचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काचेची जाड चकती घासून घासून मला आकार दिला गेला. घासणाऱ्या बाईला त्या दिवशी सर्दी होती. तिला नेमकी शिंक आली आणि माझ्या एका कडेला बारीकसा दोष राहिला. त्या कडेतून पाहिलं की सरळ रेघही किंचित वाकते. तपासणाऱ्याच्या ते लक्षात आलं नाही, आणि मी काही आपणहून सांगायला गेलो नाही.

बंदरावरच्या एका दुकानातून मालकांनी मला घेतलं. तेव्हा ते तरुण होते, मालवाहू बोटीवर अधिकारी म्हणून नुकतेच लागले होते. समुद्राच्या नकाशावर पाण्याची खोली दाखवणारे मुंगीएवढे आकडे असतात, ते वाचायचं काम माझं. एक आकडा चुकला तर बोट खडकावर जायची. मालकांना माझी ती वाकडी कड पहिल्याच दिवशी कळली. त्यांनी मला परत नाही केलं. म्हणाले, "असू दे रे, मधोमध तर चांगला आहेस." त्यानंतर त्यांनी मला नेहमी मधोमधच वापरलं. कितीतरी समुद्र आम्ही दोघांनी असे डोक्याला डोकं लावून पार केले.

याच नोकरीत त्यांची उजव्या हाताची तर्जनी अर्धी गेली. बोट धक्क्याला बांधताना जाड दोर सुटला आणि त्यात सापडली. तेव्हापासून माझ्या मुठीवर चार बोटं आणि एक अर्धं, अशी त्यांची पकड असायची. मला दुसरी कुठली पकड ठाऊकच नव्हती.

मग एका बंदराच्या गावी त्यांनी लग्न केलं आणि तिथेच राहिले. बाई तिथलीच. तिथली भाषा मालक तिच्याशी भांडता भांडता शिकले, त्यामुळे ती चांगलीच पक्की झाली. मूलबाळ झालं नाही. दोघं एकमेकांना धरून राहिली. बाई गेल्यावर मालकांना ते घर खायला उठलं. जिनाही झेपेना. शेवटी एक दिवस मला कोटाच्या खिशात घालून ते वृद्धाश्रमात राहायला आले.

तिथे सगळं स्वच्छ होतं. माणसंही वाईट नव्हती. सगळ्यांची देखभाल करणारी एक लठ्ठ, मोठ्यानं बोलणारी बाई होती. मालक मनातल्या मनात तिला मावशी म्हणायचे. पण आमच्या भाषेचं तिथे कोणी नव्हतं. मालकांची मराठी आता फक्त आकडे मोजताना आणि ठेच लागल्यावर बाहेर पडायची. अधूनमधून ते माझ्याशी बोलायचे. "कुठे गेला होतास? सगळा पलंग उलटापालटा केला की मी." मला उत्तर देता येत नाही, याचं वाईट मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

दिवाणखान्यात सगळ्यांसाठी एक कॉम्प्युटर होता. मावशीनं मालकांना तो चालवायला शिकवलं. मराठी अक्षरं उमटतात का, हे बघायला म्हणून त्यांनी काहीतरी लिहिलं, आणि समोर एका ब्लॉगचं पान उघडलं. वर नाव होतं, 'पिशवीतलं घर'. कुणी एक मुलगी नवऱ्याच्या नोकरीपायी परक्या गावी गेली होती आणि तिथलं जगणं लिहीत होती. त्या दिवशी तिनं लिहिलं होतं की इमारतीच्या तळघरात कपडे धुवायची खोली आहे, तिथे कोणी नसलं की ती मशीनशी मराठीत बोलते. "बाई, जरा दमानं घे, माझी एकच चांगली साडी आहे आत." आणि मागे वळून बघते तर शेजारीण हातात टोपली घेऊन उभी.

मी ओळीवरून ओळीवर सरकत होतो आणि मालक हसत होते. त्या इमारतीत आल्यापासून ते पहिल्यांदाच हसले. मावशी धावत बघायला आली, तिला वाटलं ठसका लागला.

त्या पानाखाली वाचणारे लोक आपलं काहीबाही लिहायचे. एक ट्रकवाला होता, तो परमुलखात लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि वाटेत थांबला की लिहायचा. एक नर्सताई होती, तिच्या इस्पितळातले रुग्ण तिचं नाव उच्चारता येत नाही म्हणून तिला 'ए निळी' म्हणायचे, गणवेश निळा म्हणून. सगळे एकेकटे, कोण कुठल्या देशात तर कोण कुठल्या. त्या पानावर मात्र रोज ओटीवर जमल्यासारखे जमायचे. एक म्हणायचा आज डोकं दुखतंय, तर दुसरा विचारायचा जेवलास का वेळेवर.

तिथे एक नियम होता. खरं नाव लिहायचं नाही आणि गावही सांगायचं नाही. सुरुवातीला कुणीतरी आपल्या साहेबाबद्दल मोकळेपणानं लिहिलं आणि त्याची नोकरी गेली, तेव्हा सगळ्यांनीच कानाला खडा लावला. म्हणून ती मुलगी सगळ्यांची 'पिशवीवाली' झाली. मालकांनी आपलं नाव घेतलं 'बोटीवरचा काका'.

आता त्या नावात खोटं काही नव्हतं. बोटीवर ते होतेच की. पहिल्या खेपेला त्यांनी एका वादळाचं वर्णन लिहिलं, आणि लिहिताना 'होतं' च्या जागी 'आहे' लिहून गेले. एका बोटानं एक एक अक्षर शोधत लिहिणारा माणूस, त्यानं वाक्य लवकर संपवायला तसं केलं असेल, किंवा त्या क्षणी त्यांना खरंच ते वादळ समोर दिसत असेल. दुसऱ्या दिवशी पिशवीवालीचं उत्तर आलं. "अगंबाई काका, तुम्ही आत्ता बोटीवर आहात? सांभाळून राहा हं. पोचलात की कळवा."

पोचलात की कळवा, असं त्यांना कितीतरी वर्षांत कोणी म्हणालं नव्हतं. मालक त्या ओळीवर मला धरून बसून राहिले. दिवाणखान्यात फिनेलचा वास होता आणि कोपऱ्यातले आजोबा टीव्हीसमोर झोपले होते. मालकांनी हळूहळू लिहिलं, "पोचलो बेटा. बंदर छान आहे. ऊन पडलंय." बाहेर ऊन नव्हतं. मी ते वाक्य अक्षर न् अक्षर मोठं करून त्यांना दाखवलं. त्यांनी खोडलं नाही.

तिथून ते सुरू झालं. रोज सकाळी न्याहारी झाली की मालक बोटीवर चढायचे. जुन्या सफरी एकामागून एक बाहेर निघाल्या. माल भरताना झालेल्या फजित्या, आचाऱ्याची भांडणं, दोरानं खाल्लेलं बोट. ट्रकवाल्याला एकटेपणा सोसेना तेव्हा मालकांनी त्याला लिहिलं, "सकाळी उठलास की पहिलं वाक्य मोठ्यानं बोल. कोणी नसलं तरी बोल. मी आरशाला विचारतो, काय साहेब, कसं काय? दिवसभर तोंड बंद राहिलं की मन गंजतं." नर्सताई रडवेली झाली की ते तिला गंमत सांगायचे. ही सगळी माणसं मालकांना मुलाबाळांसारखी झाली होती. त्यांना काही दुखलं-खुपलं की मालकांना घास गोड लागत नसे.

मग एके दिवशी पिशवीवालीनं आपल्या खिडकीतून काढलेला फोटो टाकला. छपरं, त्यामागे हिरव्या रंगाची पाण्याची टाकी, आणि टाकीवर वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा. मालकांनी मला सवयीनं फोटोवर ठेवलं आणि कोंबड्यावर आणून थांबवलं. कोंबडा गंजून एकाच जागी अडकलेला होता आणि त्याचं अर्धं शेपूट तुटलेलं होतं. मालकांनी मान वर करून दिवाणखान्याच्या खिडकीबाहेर पाहिलं. तीच टाकी. आमच्या बाजूनं कोंबड्याची चोच दिसायची, तिच्या बाजूनं शेपूट.

पिशवीवाली आमच्याच गावात होती. मधे एक टाकी, एवढंच काय ते अंतर.

मालकांना पेच पडला. आपण तर समुद्रात आहोत, तिला कसं सांगणार? दोन दिवस त्यांनी काहीच लिहिलं नाही. मग चाचपडत एक ओळ लिहिली. "बेटा, गंमत बघ, या बंदरातही तशीच हिरवी टाकी आहे. कोंबडासुद्धा आहे. इथून त्याची चोच दिसते." मला वाटलं, आता ओळखेल. तिनं हसून उत्तर दिलं, "काका, जगभरच्या टाक्या एकाच कारखान्यात बनत असतील." मालकही हसल्याचं लिहून मोकळे झाले. पण त्या दिवसापासून दुपारी ते खिडकीशी खुर्ची ओढून बसायला लागले.

त्याच सुमाराला डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की नजर उतरतेय आणि ती आता थांबणार नाही. "थंडी संपली की भिंगानंही वाचता येणार नाही, आजोबा." मला ते आधीच कळलं होतं. मालक मला स्क्रीनच्या इतकं जवळ धरत होते की त्यांच्या श्वासाची वाफ माझ्यावर धरायची, आणि तरी कितीतरी अक्षरं ते नुसत्या अंदाजानं वाचत होते. डॉक्टरांकडून परत येताना मालक वाटेत थांबले आणि खिशातून मला बाहेर काढून म्हणाले, "तू आणि मी, दोघंही रिटायर होणार आता. मग या पोरांचं लिहिलेलं कसं वाचणार मी?"

तेवढ्यात पिशवीवालीनं लिहिलं की सगळ्यांनी एकदा भेटूया. नियम बाजूला ठेवून तिनं नेहमीच्या माणसांना मेल करून जागा कळवली. तिच्याच गावात स्टेशनसमोर एक खाणावळ होती, तिथे रविवारी दुपारी. मालकांनाही मेल आली. "काका, तुम्ही समुद्रात असणार, माहितीये. पण तुमच्या नावाची खुर्ची ठेवणारच आहे मी."

मालकांनी ठरवलं, जायचं आणि सगळं सांगून टाकायचं. एकदा सांगितलं की ही माणसं आपली होतील, खरीखुरी. डोळे गेले तरी कोणी येऊन वाचून दाखवेल, दोन शब्द मराठीत बोलेल. आणि नाही सांगितलं, तर थंडी संपली की सगळं संपलं. इतकं साधं होतं ते. लिफ्टच्या आरशासमोर त्यांनी एक वाक्य घोकलं. "मी बोटीवरचा काका. जरा उशीर झाला यायला. बसू का?" मावशीनं लिफ्टचं दार उघडलं आणि विचारलं, "कुणाशी बोलताय?" मालक तिच्या भाषेत म्हणाले, "नातेवाईकांना भेटायला चाललोय."

रविवारी त्यांनी दाढी नीट कातरली, चांगली टोपी घातली आणि मला आतल्या खिशात ठेवलं. खाणावळीत पोचलो तेव्हा मंडळी आधीच जमली होती. मोठं टेबल, मागे भिंतभर आरसा. मालकांनी लगेच तिथे जायला हवं होतं. पण ते शेजारच्या छोट्या टेबलावर बसले. चहा मागवला. मला वाटलं, जरा दम खाताहेत.

आम्ही सगळ्यांना बोलण्यावरून ओळखलं. भराभर बोलणारी पिशवीवाली. दर वाक्याला "हो की नाही?" म्हणणारी नर्सताई. ट्रकवाला चांगला धिप्पाड होता आणि आवाज मात्र बारीक. मधे एक खुर्ची रिकामी होती. तिच्यासमोर ताट होतं, आणि ताटात कागदाची छोटी होडी करून ठेवली होती.

मालकांनी कपात बघत ते वाक्य पुन्हा एकदा घोकलं. खुर्ची मागे सरकवली. उठलेसुद्धा अर्धे.

तेवढ्यात ट्रकवाला बोलायला लागला. "मी एक सांगू का? मी मधे सगळं सोडून परत निघालो होतो. घरी काय तोंड दाखवायचं ते कळेना. काकांनी रोज लिहिलं मला. मला आयुष्यात सगळे थापाडेच भेटले हो. एजंट थापाडा, मालक थापाडा. हा एकच माणूस असा, की ज्यानं कधी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. त्यांच्या शब्दावर तगलो मी."

"खरंय," पिशवीवाली म्हणाली. "काका म्हणजे काका."

मालक परत खाली बसले. मी खिशात होतो, त्यांच्या छातीशी. त्यांच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. आता बोलायचं म्हणजे त्या पोराच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची, असं त्यांना वाटलं असणार. मी त्या पोराला ओरडून सांगितलं असतं, की बाबा रे, वाकडी कड सोड आणि माणसाला मधोमध बघ. पण माझं ऐकतो कोण.

नर्सताई हळूच म्हणाली, "अगं, त्या आजोबांना बोलवूया का? एकटेच बसलेत कधीचे."

"नको गं," पिशवीवाली म्हणाली. "ते इथले आहेत. आपली बडबड त्यांना काय कळणार? उगाच अवघडतील."

इतकी वर्षं एका जागी काढली की माणूस तिथलाच दिसायला लागतो. टोपी, मफलर, पांढरी दाढी आणि चहा मागवताना बोललेली अस्सल तिथली भाषा, यात आमचं माणूस कुठून ओळखू येणार? मी तिला दोष देत नाही. तिला त्यांची काळजीच वाटत होती.

निघायच्या वेळी ती आमच्या टेबलाशी आली आणि तिथल्या भाषेत म्हणाली, "आजोबा, आमचा एक फोटो काढाल का?"

मालक उठले. फोनवरचं बटण दिसेना, म्हणून मला बाहेर काढलं. मी ते गोल बटण त्यांना दाखवलं. मग दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी मला टेबलावर ठेवलं. आमच्या टेबलावर नव्हे, त्यांच्या. रिकाम्या खुर्चीसमोरच्या ताटात, होडीच्या बाजूला.

"त्या खुर्चीपुढे कोणी उभं राहू नका," पिशवीवालीनं सगळ्यांना बजावलं. "काकांची जागा दिसली पाहिजे."

मालकांनी फोटो काढला. फोन परत दिला. सगळ्यांनी त्यांचे आभार मानले. ते फक्त मान हलवून निघाले आणि दरवाज्यापर्यंत गेले. मला वाटलं, आता वळतील. बोटीवर, घरी, इस्पितळात, मला ते कधी कुठे विसरले नव्हते. ते वळले नाहीत.

"अरे, आजोबांचं भिंग राहिलं," नर्सताई म्हणाली. ट्रकवाला धावत बाहेर गेला आणि हात हलवत परत आला. स्टेशनसमोरची गर्दी, त्यात एक टोपी कुठे शोधणार? पिशवीवालीनं खाणावळीत आपला फोन नंबर ठेवला आणि मला घरी आणलं. अशा रीतीनं मी टाकीच्या शेपटाकडच्या बाजूला राहायला आलो.

तिनं फोटो ब्लॉगवर टाकला आणि खाली लिहिलं, "काका, ही तुमची खुर्ची." मग ती वाट बघायला लागली. मी तिच्या कोपराजवळ पडलेला असायचो. ती रोज पान उघडायची आणि बंद करायची. एक आठवडा गेला, मग दुसरा. तिनं लिहिलं, "काका, रागावलात का?" मग लिहिलं, "काका, नुसतं 'पोचलो' एवढंच लिहा." नर्सताई म्हणाली, बोटीवर नेट नसेल. ट्रकवाल्यानं बंदरांवरच्या ओळखीच्या ड्रायव्हरांना विचारलं, पण विचारणार तरी काय? नाव माहीत नाही, बोट माहीत नाही. त्यांना मालकांच्या गुडघ्याचं दुखणं माहीत होतं, चहात साखर किती ते माहीत होतं, पण कुणाला हाक मारायची ते ठाऊक नव्हतं.

आणि मी तिथेच होतो. ती विचार करताना माझी मूठ बोटांत फिरवायची. तिची पाच बोटं पूर्ण होती. मला सगळं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात वाईट दिवस.

थंडी ओसरत आली तेव्हा नर्सताईनं त्या फोटोची मोठी प्रत काढून टपालानं पाठवली. पिशवीवालीनं ती टेबलावर पसरली. सगळ्यांचे चेहरे नीट बघावेत म्हणून तिनं मला उचललं. ट्रकवाल्याच्या हसण्यावरून फिरवलं, नर्सताईच्या मिटलेल्या डोळ्यांवरून फिरवलं, आणि रिकाम्या खुर्चीवर आणून थांबवलं.

खुर्चीवर कोणी नव्हतं, म्हणूनच तिच्या मागचा आरसा उघडा राहिला होता. आरशात फोटो काढणारे आजोबा होते. अगदी खुर्चीच्या वर, तिच्या पाठीला टेकून कुणी बसावं तसे. मी माझी सगळी ताकद लावली. फोन धरलेला उजवा हात मोठा झाला. तर्जनी अर्धीच होती.

पिशवीवालीनं मला खाली ठेवलं. परत उचललं. मग तिनं ब्लॉगचं जुनं पान काढलं आणि ती ओळ वाचली, "दोरानं माझं अर्धं बोट खाल्लं आणि ढेकरही दिली नाही." ती खिडकीशी गेली. टाकीवरचा कोंबडा आपलं तुटकं शेपूट तिच्याकडे करून उभा होता.

"इथून चोच दिसते," ती स्वतःशीच म्हणाली. "अहो, काका इथे आहेत. इथेच आहेत." नवरा स्वयंपाकघरातून काय झालं विचारत बाहेर येईपर्यंत तिनं चपला घातल्या होत्या आणि मी तिच्या मुठीत होतो.

कोंबड्याची चोच ज्या दिशेला होती त्या दिशेला ती धावत निघाली. टाकीला वळसा घातला, आणि समोर ती इमारत. मावशी दारातच भेटली. पिशवीवालीला नाव सांगता येईना. तिनं मला पुढे केलं.

मावशीनं मला लगेच ओळखलं. तिनं पिशवीवालीला आत नेऊन बसवलं आणि पाणी दिलं. माणूस पाणी आधी का देतो, ते मला माहीत आहे.

"मागच्या महिन्यात गेले," मावशी म्हणाली. "झोपेत गेले, त्रास नाही झाला. दुसरं भिंग आणून दिलं होतं मी, पण त्यातूनही काही दिसेना. तरी रोज सकाळी म्हणायचे, ते पान उघड. मी उघडून द्यायची. मग म्हणायचे, वाचून दाखव. आता मी काय वाचणार? ती अक्षरं मला दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात. सगळ्यांना विचारून पाहिलं मी. इथे कुणाला येत नाही ती भाषा. तुम्ही कोण त्यांच्या?"

पिशवीवाली उठून खिडकीपाशी गेली. तिनं खिडकीतून वर पाहिलं. चोच अगदी स्वच्छ दिसत होती. खिडकीशी ओढलेली खुर्ची अजून तशीच होती. ती तिच्यात बसली आणि लहान मुलीसारखी रडली.

आता मी तिच्याकडेच असतो. तिनं ब्लॉगवर सगळं लिहिलं. ट्रकवाल्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, खोटं बोलले असतील, पण मला त्यांनी जे सांगितलं ते खरंच होतं की गं. तेवढं सांगायला हवं होतं मी त्यांना." तो नियम तिनं काढून टाकला. 'पिशवीतलं घर' या नावाखाली आता गाव लिहिलेलं आहे, फोन नंबर आहे, आणि एक ओळ आहे, "जवळपास असाल तर या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवू." आजवर दोन म्हातारे आणि एक बाळंतीण येऊन गेलेत.

माझं आता वय झालं. काचेवर ओरखडे आले, कडी सैल झाली. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. परक्या गावात शेजारच्या टेबलावर कोणी एकटं बसलेलं दिसलं, तर ते इथलंच असेल असं परस्पर ठरवू नका. एकदा आपल्या भाषेत विचारून बघा. फार तर मान हलवेल.

पिशवीवाली दर रविवारी तो फोटो पुढ्यात घेते, मला त्या खुर्चीवर ठेवते आणि आरशात बघत बसते. तेव्हा मालकांचं ते घोकलेलं वाक्य मला आठवतं. त्यांना ते बोलता आलं नाही. मलाही येत नाही, तरी दर वेळी त्यांच्या वतीनं मनातल्या मनात मीच म्हणतो.

मी बोटीवरचा काका. जरा उशीर झाला यायला. बसू का?